सही करण्याआधी सातबारा बघ

कोल्हापूर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मामाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय, असं बाबा फोनवर म्हणाले. आई, भावाला जमीन द्यायची असेल तर खुशाल दे. पण साडीचोळीवर किती सोडतेस, ते आधी नीट समजून घे.

तुझं लग्न 1994 च्या आधीचं, म्हणून तुला वाटा नाही, असं तिकडे कुणी म्हणेल. ते आता खरं नाही. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखी सहहिस्सेदार केलं, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. 2020 साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटप झालं असेल, तर मात्र अडतं. नुसत्या तोंडी वाटणीवर कोर्ट सहसा विश्वास ठेवत नाही.

समज, सहा एकर आहे, आजी आजोबांच्या आधीच गेलेली आणि तुम्ही तिघं भावंडं. 1956 च्या मूळ हिंदू वारसा कायद्याने आजोबा आणि मामा तीन-तीन एकरांचे धनी. आजोबांच्या पश्चात त्यांच्या तिनातून तुला एक एकर, मावशीला एक, मामाकडे मिळून चार. आता मुलीही जन्माने हिस्सेदार, म्हणून तिघांना दोन-दोन.

घोळ होतो तो वारसनोंदीत. अर्जात फक्त मुलाचं नाव लिहितात, किंवा बहिणींची नावं सातबाऱ्यावर भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, या रकान्याऐवजी 'इतर अधिकार'मध्ये टाकतात. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची, नोटीस आली की पंधरा दिवसांत लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. मुदत हुकली तरी वाटा बुडत नाही, कारण सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. पण मग प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, नाहीतर दिवाणी दावा, आणि त्यात वर्षं जातात. माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असल्यानेही अर्ज अडतो, म्हणून लग्नाचा दाखला जोडायचा.

बाईचं नाव कागदावर नीट न येणं जुनंच आहे. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीआधी सुमारे 28 लाख बायकांची नावं मतदारयादीतून गळली. उत्तरेत त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच लिहून दिलं होतं. मताचा हक्क राज्यघटनेने दिलेला होता, तरी त्या मतदानाला मुकल्या. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 सालीच बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला, याचा मला फार अभिमान वाटतो. त्याच मातीत बहिणीचं नाव 'इतर'मध्ये पडलेलं मला बघवत नाही.

हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो, म्हणून ते झटपट उरकतं. एकदा नोंदणी झाली की फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध केल्याशिवाय ते मोडत नाही, आणि त्यालाही साधारण तीन वर्षांची मुदत.

बाबा, सातबारा, आठ-अ आणि आजोबांच्या नावापासूनचे सगळे फेरफार काढून ठेवा. मसुद्यात गट नंबर आणि क्षेत्र त्यांच्याशी ताडून बघा. 'माझा सर्व हक्क' एवढंच मोघम लिहिलं असेल, तर आईला सही करू देऊ नका. मी रविवारी येतेय.

तुमची लेक