बॉर्डर शेवटी उरकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत शिवणकामावर अधूनमधून छान लेख येतात, मी कात्रणं काढून ठेवते. पण क्विल्टच्या (तुकडे जोडून केलेल्या गोधडीच्या) ब्लॉकवर, म्हणजे तिच्यातल्या एका नक्षीच्या चौकोनावर, लेख आला की दरवेळी तेच होतं, ब्लॉक कसा कापायचा, कसा जोडायचा हे पाऊण पान आणि मग शेवटच्या ओळीत "आवडीची बॉर्डर लावून वॉल हँगिंग तयार करा". संपलं. एकाच ब्लॉकचं वॉल हँगिंग करताना खरी मेहनत आणि खरा विचार त्या शेवटच्या ओळीतच असतो हो, म्हणून हे पत्र.

मी दोन वर्षांपूर्वी ओहायो स्टार या ताऱ्याच्या नक्षीचा एक ब्लॉक केला, म्हणजे तीन बाय तीन नऊ घरं, प्रत्येक घर ४ इंचाचं, मधे एक चौकोन आणि भोवती आठ टोकं, शिवून झाल्यावरचं तयार माप १२ इंच. आठही टोकं सुईसारखी आली होती. एकच ब्लॉक होता म्हणून म्हटलं भिंतीवर लावू, आणि घरात मरून रंगाचं मोठ्या फुलांचं सुंदर कापड होतं त्याची ६ इंची पट्टी चारी बाजूंनी लावली. समोर उभी राहून बघितलं तर तारा दिसेचना, नुसती फुलं. तेव्हा वाटलं रंग चुकला. नंतर कागदावर आकडे मांडले तेव्हा उलगडलं, ब्लॉक १२ बाय १२ म्हणजे १४४ चौरस इंच आणि पट्ट्यांसकट सगळं २४ बाय २४ म्हणजे ५७६, म्हणजे माझा तारा फक्त पाव भाग आणि पाऊण भाग फुलं! ६ च्या जागी ४ इंची लावली तरी ४०० पैकी २५६ चौरस इंच बॉर्डरचेच होतात. पलंगावरच्या मोठ्या क्विल्टमधे तीसेक ब्लॉक असतात, तिथे बॉर्डर खरंच कडेला असते, पण एका ब्लॉकभोवती एवढी रुंद लावली की बघणाऱ्याला निम्म्याहून जास्त तीच दिसते.

ही पद्धत काही नवी नाही. मेडॅलियन क्विल्ट म्हणतात त्यात मधे एक चित्र किंवा ब्लॉक आणि त्याभोवती पट्ट्यांवर पट्ट्या अशीच रचना असते. १८४१ साली राजा नावाच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाकडे नेल्या जाणाऱ्या कैदी बायकांनी प्रवासात केलेलं एक क्विल्ट आज तिथल्या नॅशनल गॅलरीत आहे, त्यात मधल्या भागाभोवती पट्ट्यांच्या तब्बल १२ ओळी आहेत. बोटीवर बसून, सोबत दिलेल्या तुकड्यांतून. मला ते कायम आठवतं, कारण त्यात बॉर्डर म्हणजेच क्विल्ट आहे.

आता रुंदी ठरवायची कशी, तर माझं ठाम मत आहे की ती ब्लॉकमधूनच काढावी, उरलेल्या कापडातून नाही. माझ्या ताऱ्यात घर ४ इंचाचं, म्हणून पट्ट्या ४, त्याच्या निम्म्या २ आणि त्याच्याही निम्म्या १ अशा घेतल्या की डोळ्याला आपोआप बरं वाटतं, कारण तीच मापं आत दिसत असतात. सगळ्यात आत बारीक आणि बाहेर जाताना रुंद. आणि पहिली पट्टी ताऱ्याच्या मागच्या रंगाचीच लावून बघा, माझी क्रीम होती, तर टोकं कडेला आपटल्यासारखी दिसत नाहीत, तारा मोकळा तरंगतो, एवढासा १ इंच पण केवढा फरक पडतो.

त्यापुढे सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी त्रिकोणांची बॉर्डर हवी असेल तर ही आतली पट्टी आणखी एक काम करते जे मला कुणी सांगितलं नव्हतं. १२ इंचाच्या ब्लॉकला दोन्हीकडून १-१ इंच लागला की १४ होतात, म्हणजे दोन त्रिकोण जोडून केलेले २ इंची चौकोन एका बाजूला बरोबर ७ बसतात, कोपऱ्यात साधे चौकोन. पण ७ विषम, म्हणून मधे दिशा उलटी करून दोन्ही अर्धे सारखे येत नाहीत, दात एकाच दिशेने गोल फिरवत न्यावे लागतात. दोन्हीकडे सारखं पाहिजे तर आतली पट्टी २ इंचाची करा, १६ होतात, ८ चौकोन बसतात आणि बरोबर मधे दिशा उलटवता येते. म्हणजे नक्षी बसवायचं माप ती साधी पट्टी ठरवते, हे आधी गणित करून कापलं तर शेवटी अर्धा त्रिकोण उरत नाही. सॉटूथ एकदम बाहेर ठेवू नये असंही माझं म्हणणं आहे, पायपिंग जरा जाड आली की टोकं बोथट होतात, बाहेर एक साधी पट्टी हवीच.

आणि मोजणं! यावर तर वेगळा लेख होईल. मी पहिल्यांदा काय केलं होतं, लांब पट्टी घेतली, एका टोकापासून शिवत गेले आणि शेवटी उरलेली कापून टाकली. शिवताना पट्टी ताणली जाते, ब्लॉकची कडही थोडी सैल झालेली असते, त्यामुळे कुठे पाव इंच जास्त कुठे अर्धा, आणि पट्टीवर पट्टी चढली की ते वाढतच जातं, शेवटी कडा लाटांसारख्या हलायला लागल्या. पलंगावर असतं तर खपून गेलं असतं पण भिंतीवर बाजूने उजेड पडतो आणि प्रत्येक लाटेची सावली दिसते. ब्लॉकला इस्त्री करून माप कडेला न घेता मधोमध घ्यायचं, उभं आणि आडवं, शिलाईचे पाव-पाव इंच धरून माझं साडेबारा यायला हवं होतं. १ इंची पट्टी दीड इंचाची कापायची, आधी साडेबारा लांबीच्या दोन समोरासमोर, मग साडेचौदाच्या दोन. ब्लॉकचा मध्य आणि पट्टीचा मध्य घडी घालून खूण करायची, तिथे टाचणी, दोन टोकांना टाचणी आणि मग अधलंमधलं. पट्ट्या कापडाच्या उभ्या धाग्यात कापा, तो सगळ्यात कमी ताणतो, उरेब, म्हणजे तिरपी कापलेली पट्टी, तर बाहेरच्या कडेला अजिबात नको.

रंगाचं थोडक्यात सांगते. कापायच्या आधी ब्लॉक कापडावर ठेवून मोबाईलमधे काळा-पांढरा फोटो काढा, गडद-फिकं लगेच कळतं, माझी मरून फुलं आणि ताऱ्याचा निळा त्या फोटोत एकसारखे राखाडी आले, तेव्हाच हे केलं असतं तर दोन वर्षं ते हँगिंग कपाटात पडून राहिलं नसतं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी ब्लॉक छापाल तेव्हा त्याबरोबर बॉर्डरचीही आकृती द्या, कापायचं माप आणि तयार माप दोन्ही लिहून, आणि जमलं तर एकाच ब्लॉकला दोन-तीन वेगळ्या बॉर्डर लावलेले फोटो शेजारी शेजारी. नवीन शिकणाऱ्या मुली मेहनतीने ब्लॉक करतात आणि इथे येऊन हिरमुसतात, मला अशा दोघी-तिघी माहीत आहेत.

मी मागच्या आठवड्यात ती मरून बॉर्डर उसवली. १ इंची क्रीम पट्टी लागली, २८ पैकी १९ त्रिकोणी चौकोन शिवून झालेत, बाहेरची ४ इंची कुठल्या रंगाची करायची ते अजून ठरत नाहीये, पूर्ण झालं की २६ बाय २६ भरेल. निळे आणि राखाडी असे दोन तुकडे टाचणीने भिंतीवर लावून ठेवलेत, येता-जाता बघतेय.

आपली,
एक नियमित वाचक