गोमेकॉतील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मदत : रविवारी अग्रशाळेत

सर्व सभासदांना नमस्कार.

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पेडण्यापासून काणकोणपर्यंतचेच नव्हे, तर सिंधुदुर्ग आणि कारवारकडचेही रुग्ण येतात. रुग्णाला खाट मिळते. सोबत आलेली आई किंवा भाऊ मात्र चार-चार दिवस बाकड्यावर काढतो. घाईत निघताना अंगावरच्या कपड्यांशिवाय काही घेतलेले नसते. चवथीच्या खरेदीआधी या माणसांसाठी थोडे बाजूला काढूया.

येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी १ पर्यंत देवळाच्या अग्रशाळेत देणगी स्वीकारली जाईल.

• रक्कम कितीही चालेल, ५० रुपयेही. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.
• जुन्या करप्रणालीत देणगीवर मिळणारी ८०जीची प्राप्तिकर सवलत हवी असल्यास पॅन क्रमांक आणा आणि चेकने द्या. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.
• चादरी, टॉवेल नवेच हवेत. वापरलेले कपडे कृपया आणू नयेत. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याला आपले टाकाऊ देणे बरे नव्हे.

फोनवरून कोणी मंडळाच्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका, खजिनदारांना लगेच कळवा. ज्येष्ठ सभासदांची देणगी घरी येऊन नेऊ. त्यांनी शनिवारपर्यंत सांगावे.

– चिटणीस