फवारणीचा संच खुंटीलाच का राहतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पऱ्हाटी (कपाशी) कमरेच्या वर गेली की विदर्भातून फवारणीच्या विषबाधेच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांच्या शेवटी एक शेरा हमखास असतो : मजूर सुरक्षा संच वापरत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर संच वाटले गेले, प्रात्यक्षिके झाली. तरीही तो संच खुंटीलाच दिसतो, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट उन्हात तो अर्धा तासही अंगावर ठेववत नाही. याला बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे आहे.

घाम वाळला तरच अंग निवते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. संचातल्या रेनकोटसारख्या बंद पोशाखात तो वाळत नाही, नुसता निथळतो. औद्योगिक आरोग्याच्या मोजमापात म्हणूनच हवा न जाणारा पूर्ण पोशाख घातला की उष्म्याच्या निर्देशांकात (तापमान, दमटपणा, ऊन व वारा मिळून काढलेल्या आकड्यात) ११ अंश सेल्सियस वाढवून धरतात. साध्या सुती कपड्यांसाठी काहीच वाढवत नाहीत. त्यात पाठीवर सोळा लिटरचा भरलेला पंप, म्हणजे वीस किलोच्या आसपास ओझे. पेट्रोलवर चालणारा पंप असेल तर इंजिनाची धग वेगळी. आणि गरम, घामेजल्या कातडीतून विषही लवकर आत शिरते, त्यामुळे उकडते म्हणून सगळे काढून टाकणे तर त्याहून वाईट.

आमच्या मते चूक एकच होते : सगळी साधने सगळा वेळ घालायला सांगितली जातात. सर्वांत जहाल काम असते ते मूळ औषध मोजून पाण्यात मिसळण्याचे. ते दहा मिनिटांत होते. ते सावलीत करावे आणि तेव्हा नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) लांब हातमोजे, चष्मा, प्लास्टिकचा एप्रन, गमबूट यांत कसलीही सूट नको. प्रत्यक्ष फवारताना मात्र फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि समोरून छातीपासून गुडघ्याखालपर्यंत एप्रन, पाठीमागे मोकळा. पंप आणि पाठ यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक तुकडा, कारण झाकणाचा वायसर झिजला की गळती थेट कमरेवर उतरते. हातमोजे, चष्मा, टोपी, गमबूट कायम. डब्यावरच्या लेबलात याहून जास्त संरक्षण सांगितले असेल तर तेच पाळावे. उन्हामुळे ते झेपणार नसेल तर त्या दिवशी ते औषध मारू नये. डब्यावर लाल त्रिकोण असलेल्या, म्हणजे अतिविषारी, औषधांबाबत तर नाहीच.

खांद्याखालच्या उंचीवर फवारताना बाही हातमोज्याच्या बाहेर ठेवावी, खांद्याच्या वर नोझल जात असेल तर हातमोजा बाहीवर चढवावा. नाहीतर ओघळ मोज्यात उतरतो आणि घामासोबत तासन्‌तास तिथेच राहतो. पायजमा नेहमी गमबुटाच्या बाहेर. तोंडाला बांधलेला दुपट्टा संरक्षण देत नाही, उलट भिजून विष नाकाशी धरून ठेवतो. साधा एन-९५ मास्क तुषार अडवतो, औषधाची वाफ नाही, आणि घामाने ओला झाला की श्वास जड होतो, म्हणून जादाचा जवळ हवा. चष्म्यावर वाफ धरते ती आतून साबणाचा पातळ हात फिरवून कोरडा पुसल्यास कमी होते.

दव वाळल्यापासून दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर, एवढीच फवारणीची वेळ. अर्ध्या तासाने धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) झाडाखाली थांबणे, पंप उतरवणे, एप्रन सोडणे. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी पाव लिटर, पण तासाला दीड लिटरहून अधिक नको. फार घाम जात असेल तर लिटरभर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट. मजूर पाणी पीत नाहीत, कारण मोजे काढून हात धुवायची सोयच नसते. वारा जिकडून येतो त्या बाजूला पिण्याच्या पाण्याचा कॅन, शेजारी धुण्याचे पाणी व साबण हवा. मोजे आधी हातावरच धुवायचे, मग काढायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण वेळेच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे.

गरगरणे, मळमळ, डोकेदुखी उन्हानेही होते आणि विषानेही. बाहुली टाचणीएवढी बारीक, तोंडातून लाळ, स्नायू फडफडणे ही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची खूण. तापलेले अंग आणि असंबद्ध बोलणे ही उष्माघाताची. पण वावरात निदान करत बसू नये. दोन्हींत पहिले काम एकच आहे : सावलीत नेणे, कपडे उतरवणे, भरपूर पाण्याने आणि साबणाने अंग धुणे, वारा घालणे. मदत करणाऱ्यानेही मोजे घालावेत. लगेच १०८ ला फोन करून औषधाचा डबा किंवा लेबल दवाखान्यात सोबत द्यावे.

जिथे दर पंपामागे मजुरी ठरते, तिथे थांबलेला माणूस पैसे गमावतो. म्हणून फवारणीची मजुरी रोजावर ठरवून विसाव्याचा वेळ त्यातच धरावा, आणि कृषी विभागाने संच देताना अंगभर प्लास्टिकऐवजी सुती सदरा, समोरचा एप्रन, मोज्यांचे दोन जोड आणि पाण्याचा कॅन द्यावा, ही आमची मागणी आहे.

आपले,
कृषिविस्तार व ग्रामीण आरोग्याचे काम करणारे काही वाचक,
यवतमाळ