भिंतीतले इन्सुलेशन आणि हीटिंगचे बिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोपातील हिवाळ्याच्या बिलांविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा गॅसचे दर आणि हीट पंप यांचीच चर्चा होते. घराच्या भिंतींचा विचार क्वचितच होतो. ब्रिटनमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येणारी बरीच मराठी मंडळी जुन्या, विटांच्या भाड्याच्या घरांत राहतात, म्हणून हे पत्र.

घराला ऊब केवळ बॉयलरमुळे मिळत नाही. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. त्यात फ्रिज, शेगडी, दिवे आणि दक्षिणेकडच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाची भर पडते. (उपकरणांची उष्णता खरे तर फुकट नसते, तिचे पैसे वीजबिलात मोजलेले असतात.) ब्रिटनमध्ये हीटिंगच्या गरजेचा अंदाज बांधताना बाहेरचे १५.५ अंश सेल्सिअस हे आधारभूत तापमान (ज्याच्याखाली हीटिंग लागते असे धरतात ते) मानण्याची पद्धत आहे, कारण त्याच्यावरची दोन-तीन अंशांची ऊब या आयत्या उष्णतेतून मिळेल असे गृहीत धरलेले असते.

प्रत्यक्षात मात्र ही ऊब किती अंशांची, हे घराच्या गळतीवर ठरते, आणि सर्वांत दुर्लक्षित राहणारा मुद्दा मला हाच वाटतो. समजा, आतल्या-बाहेरच्या तापमानातील दर अंश फरकामागे एका घरातून ३०० वॅट उष्णता निसटते आणि आयती उष्णता ६०० वॅट मिळते. आत २० व बाहेर ५ अंश असताना ४,५०० वॅट बाहेर जातात, म्हणजे बॉयलरला ३,९०० वॅट पुरवावे लागतात. छत आणि भिंतींना इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) घालून व फटी बुजवून हीच गळती दर अंशाला १०० वॅटवर आणली, तर बाहेर जातात १,५०० वॅट आणि बॉयलरच्या वाट्याला येतात अवघे ९००. गळती एक-तृतीयांश झाली, पण हीटिंगची गरज पाव हिश्श्याहूनही खाली आली, कारण त्याच ६०० वॅटमध्ये घर आता दोनऐवजी सहा अंशांनी उबदार राहते. पहिल्या घरात बाहेरचे तापमान १८ अंशांखाली जाताच हीटिंग लावावे लागते, दुसऱ्यात १४ अंशांपर्यंत त्याची गरज भासत नाही. अगदी कमी हीटिंगवर उबदार राहणाऱ्या घरांसाठी जर्मनीत विकसित झालेल्या ‘पासिव्हहाउस’ मानकात वर्षाला दर चौरस मीटरमागे केवळ १५ युनिट उष्णतेची मर्यादा घालता येते, ती याच हिशेबावर.

फटी बुजवताना वायुवीजनाची सोय मात्र ठेवलीच पाहिजे, नाहीतर भिंतींना ओल आणि बुरशी धरते, आणि त्याचा त्रास लहान मुलांना सर्वाधिक होतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये काही अपवाद वगळता भाड्याच्या घराचा ऊर्जादर्जा (‘ए’ सर्वोत्तम, ‘जी’ सर्वांत खालचा) किमान ‘ई’ असावा लागतो. या दर्जाचे प्रमाणपत्र पत्त्यावरून कोणालाही ऑनलाइन विनामूल्य पाहता येते. भिंत भरीव आहे की पोकळ, तिला इन्सुलेशन आहे का आणि छताला किती, याच्या नोंदी त्यात असतात. इकडे येणाऱ्यांनी अनामत रक्कम भरण्यापूर्वी ते जरूर वाचावे.

आपला,
एक वाचक, लीड्स