विषय : नळाला पाणी नसताना 'पाण्याचा दाब समाधानकारक' असा अहवाल दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
(ग्राहक सेवा विभागाकडे पाठवू नये. त्यांच्याशी बोलून झालं आहे.)

महोदय,

आज दुपारच्या फोननंतर हे पत्र लिहिते आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या नव्या टू बीएचकेची ताब्याआधीची तपासणी तुमच्या कंपनीने मार्चमध्ये केली. आठ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४० रुपये, आगाऊ भरले. बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे. तुमची माणसं दर फोनला तो नव्याने विचारतात, म्हणून पावतीच जोडली.

तपासणीच्या दिवशी इमारतीला पाणी नव्हतं. गच्चीवरच्या टाकीची जोडणी व्हायची होती, बिल्डरचा सुपरवायझर 'पुढच्या आठवड्यात' म्हणत होता. तुमच्या इन्स्पेक्टरने स्वतः बेसिनचा नळ फिरवला, माझ्याकडे बघून 'पाणी नाही का?' असं विचारलं, मी नाही म्हटलं, आणि त्याने टॅबवर काहीतरी टिपलं. मला वाटलं, पाणी नाही असं टिपलं असेल. अहवालात आलं ते असं : नळाचा दाब समाधानकारक. फ्लश कार्यरत. नहाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या फरशीतल्या, पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) निचरा योग्य. गळती आढळली नाही. चारही ओळींपुढे हिरवी खूण.

गळती आढळली नाही, यावर मी वाद घालणार नाही. पाणीच नव्हतं.

त्या मुलाला काम येत नाही असंही नाही. त्याने प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावला, दोन ठिकाणी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले शोधून काढले. फरश्या ठोकून पोकळ कुठल्या ते खडूने आखलं. ईएलसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्वीचचं) बटन दाबून वीज खरंच तुटते का ते बघितलं. हे सगळं बिल्डरकडून दुरुस्त करून घेतलं. पण अहवालाची निम्म्याहून जास्त पानं कपाटाच्या हँडलवरचा ओरखडा, स्वीचबोर्डची तिरकी पट्टी आणि काचेवरचे रंगाचे शिंतोडे यांच्या फोटोंनी भरली आहेत. शिंतोडे मलाही दिसतात, त्याला चष्मा पुरतो. कार्पेट एरिया लेझरने मोजला, छान, पण त्यात बाल्कनीही धरली. रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेटमध्ये येत नाही, आतल्या पार्टिशनच्या भिंती येतात. हे ग्राहकाने तपासणी कंपनीला शिकवायचं का?

आम्ही मे महिन्यात राहायला आलो. जुलैत मास्टर बाथरूमला लागून असलेल्या खोलीची भिंत खालून ओली झाली, मग रंगाचे पोपडे, मग पांढरा लोणा. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो घेऊन वर आले. प्लंबरने नहाणी ट्रॅपची जाळी काढून बोट घातलं आणि म्हणाला, ट्रॅपभोवतीचा जोड भरलेलाच नाही. त्याला एवढं कळायला टॅब लागला नाही.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग कसं तपासतात हे तुम्हाला मी सांगायला नको. नहाणी ट्रॅप बंद करून फरशीवर पाणी साठवायचं, किमान २४ तास ठेवायचं, पातळी उतरते का बघायचं आणि खालच्या मजल्याचं छत बघायचं. दोन-तीन तासांच्या भेटीत हे होत नाही, मान्य. मग बुकिंग घेताना 'आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा, नसेल तर तारीख बदला' एवढा एक मेसेज करायचा होता. तुमच्या जाहिरातीत थर्मल कॅमेरा आणि मॉइश्चर मीटर हातात धरलेला हसरा तरुण आहे. आमच्याकडेही कॅमेरा आणला होता, भिंतीवरून फिरवला, निळाजांभळा फोटो अहवालात लावला आहे. ज्या भिंतीने अजून पाण्याचा थेंब बघितला नव्हता, तिच्यात तो कॅमेरा कुठली ओल दाखवणार होता?

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच ('आपला कॉल गुणवत्तेसाठी'), तरीही लिहिते.

मी ओल सांगितली. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, 'मॅडम, बाथरूम वापरतं कोण?' मी म्हटलं, घरात राहणारी माणसं. 'वयस्कर कोणी आहे का?' आई आहे, म्हटलं. 'त्या शॉवर घेतात की बादलीने?' बादलीने. 'मग पाणी बाहेर उडत असेल.' मी म्हटलं, अहो, बाथरूममध्ये पाणी उडणारच, त्यासाठीच ती खोली बांधलेली असते. यावर तो थोडा वेळ गप्प होता. मला वाटलं, पटलं. मग म्हणाला, 'त्यांना आंघोळीला साधारण किती वेळ लागतो?'

फोन स्पीकरवर होता. आई समोर बसून गवार मोडत होती. ती मान वर न करता म्हणाली, 'त्याला सांग, दोन बादल्या.' आणि तुमच्या माणसाने, मी शब्दशः लिहिते, 'ओके मॅडम, हेवी युसेज' असं म्हणून ते नोंदवलं. बहात्तर वर्षांच्या बाईच्या दोन बादल्या म्हणजे हेवी युसेज!

मी म्हटलं, तपासणीच्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, तरी दाब समाधानकारक कसा? तो म्हणाला, 'रिपोर्टमध्ये ओके आहे म्हणजे चेक केलेलं आहे.' पाणी नव्हतं, म्हटलं. 'मॅडम, आमची तपासणी व्हिज्युअल असते.' व्हिज्युअल म्हणजे बघून ना? मग दाब बघितला कुणी? 'मी तिकीट क्लोज करतो, युसेज इश्यू आहे.' फोन ठेवल्यावर मिनिटभरात मेसेज आला : आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे, कृपया रेटिंग द्या. रेटिंग दिलेलं आहे, बघून घ्या.

'व्हिज्युअल'चा आडोसा घेण्याआधी एक समजून घ्या. जे तपासता आलं नाही, त्यापुढे 'तपासलं नाही, कारण पाणी नव्हतं' असं लिहिलं असतंत तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी ताबा पुढे ढकलला असता किंवा बिल्डरला पाणी आणायला लावलं असतं. त्याऐवजी तुमच्या हिरव्या खुणा बघून मी 'कामाबाबत तक्रार नाही' या कागदावर सही केली. आता बिल्डरचा माणूस तुमचाच अहवाल माझ्यासमोर नाचवतो आणि म्हणतो, 'तुमच्याच तज्ज्ञाने गळती नाही असं लिहून दिलंय, नंतर तुम्हीच काहीतरी फोडलं असणार.' पैसे मी दिले आणि पुरावा बिल्डरला मिळाला.

'रेराखाली पाच वर्षं बिल्डरची जबाबदारी असतेच, मॅडम' असं मागच्या फोनवरच्या मुलीने समजावलं होतं. कलम १४(३) मला माहीत आहे. ताब्यापासून पाच वर्षांत दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत, फुकट दुरुस्त करायचा. त्याला पत्र गेलं आहे. पण दोष नंतर आपोआप निस्तरले जाणार असतील, तर ताब्याआधी तपासणी करा म्हणून तुम्ही लोकांकडून पैसे कशाचे घेता?

वाईट याचं वाटतं की ऑफिसात चार जणांना मी तुमचं नाव सांगितलं होतं. धाकट्या बहिणीचा कल्याणचा फ्लॅट पुढच्या महिन्यात ताब्यात येतोय, तिने तुमचं बुकिंग केलं होतं. ते काल रद्द केलं. तिचे पैसे तरी वेळेत परत करा.

माझी मागणी : ९,४४० रुपये परत, आणि तुमच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह सुधारित अहवाल, ज्यात प्लंबिंग व वॉटरप्रूफिंगची तपासणी पाण्याअभावी झाली नाही असं स्पष्ट लिहिलेलं असेल. पैशापेक्षा हा कागद मला जास्त हवा आहे, कारण तो बिल्डरपुढे ठेवायचा आहे. १५ दिवसांत दोन्ही मिळालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे सेवेतील त्रुटी म्हणून ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तेव्हा प्लंबरचं बिल, खालच्या काकांच्या छताचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई वेगळी मागीन. त्या दिवशी इमारतीला पाणी नव्हतं हे सोसायटीतले निम्मे लोक लेखी द्यायला तयार आहेत.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये, आणि आईच्या आंघोळीबद्दल पुन्हा काहीही विचारू नये.

तक्रारदार

सोबत : पावती, अहवालाची संबंधित पाने, भिंतीचे व खालच्या छताचे फोटो, प्लंबरचे बिल.