फ्रेमवाल्या काकाजींना जाहीर आभारपत्र

नागपूर

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव कुठे येऊ नये, या अटीवरच तुम्ही या पत्राला परवानगी दिलीत, म्हणून महाल भागातल्या तुमच्या दुकानाचा उल्लेख मी फक्त ‘दुकान’ असाच करते आहे. ज्यांनी तिथे एकदा तरी चित्र बसवून घेतले आहे, ते तुम्हाला ओळखतीलच.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात, पहिल्या प्रदर्शनाची अकरा चित्रे घेऊन मी तुमच्याकडे आले होते. त्यांतले सर्वांत मोठे, पिवळसर करड्या रंगाचे चित्र तुम्ही काउंटरवर आडवे ठेवलेत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, ‘‘हे तं मी मागंच बसवून देल्लं होतं जी.’’ हे चित्र परवाच पूर्ण झाले आहे, असे मी हसून सांगितले. तुम्ही वाद घातला नाही. धरमपेठेतल्या एका दवाखान्यासाठी फ्रेम केलेल्या छापील चित्राचा फोटो तेवढा मोबाइलवर काढून दाखवलात. ते चित्र प्रसिद्ध अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे होते.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, आणि एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर आम्ही इथले चित्रकार त्यांना घरचे समजतो. घरच्या माणसाचे काही उचलले तर विचारायचे कशाला, असेच माझे चालले होते, हे आज मोकळेपणाने लिहिते. शिवाय जे उचलले तेही अर्धवटच. ते तेलरंग रोलरने आणि पॅलेट नाइफने पसरवत, खरवडत, कागदाच्या तुकड्यांनी टिपून घेत. एकाखालून दुसरा थर दिसतो, तो त्या धीम्या कामातून. मी तोच रोलर ॲक्रिलिकमध्ये बुडवला. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना गच्चीवरच्या खोलीत ॲक्रिलिक कॅनव्हासवर पोहोचण्याआधी रोलरवरच वाळू लागते, कूलरसमोर ठेवले तरी फारसा फरक पडत नाही. त्यामुळे त्यांच्या चित्रात जिथे खोली आहे, तिथे माझ्या चित्रात नुसते डाग होते. प्रदर्शन पाहायला आलेल्यांपैकी कोणीही हे बोलले नाही. लोक तोंडावर चांगलेच बोलतात.

त्या दिवशी मला राग आला होता, हेही सांगायला हवे. फ्रेम करणाऱ्याने चित्रावर का बोलावे, असे मनात आले. पुढे सय्यद हैदर रझा यांच्याविषयी वाचताना तो राग गेला. रझा हे आपल्याच नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. १९४८ साली काश्मीरमध्ये त्यांची चित्रे पाहून छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी सांगितले की रंग चांगले आहेत, पण चित्राची बांधणी कच्ची आहे, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा. सांगणारा कॅमेरा धरणारा होता, तरी रझांनी ते मनावर घेतले आणि दोन वर्षांत पॅरिस गाठले. मी रझा नाही, पण पट्टीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत कापताना केसभर फट सहन न करणारा डोळा माझ्या चित्रातली फटही पाहू शकतो, एवढे मला कळले.

उसने घेण्याबद्दल मी तेव्हापासून बराच विचार केला. स्वतः गायतोंडेही पॉल क्ले यांच्या चित्रांतून शिकले होते. १८८७ साली व्हॅन गॉग यांनी जपानी चित्रकार हिरोशिगे यांचे पावसातल्या पुलाचे चित्र जवळजवळ तसेच रंगवले, पण भोवती एक रुंद चौकट काढून तिच्यात इतर जपानी चित्रांतली अक्षरे उतरवली, जी त्यांना वाचताही येत नव्हती. हे चित्र मी तुम्हाला दाखवले तेव्हा ‘‘पट्टी लई भारी घेतली’’ एवढेच तुम्ही म्हणालात. मला मात्र त्या चौकटीत कबुली दिसते: हे माझे नाही, दूरवरून आलेले आहे. शेजारणीचा डबा परत करताना तो रिकामा देऊ नये, अशी आपल्याकडची रीत आहे. व्हॅन गॉग यांनी डबा भरून परत केला. मी तर डबाच ठेवून घेतला होता.

कायद्याची बाजू वेगळी. शैलीवर कोणाची मालकी नसते, त्यामुळे माझ्यावर कोणी खटला भरला नसता. अँडी वॉरहॉल यांनी गायक प्रिन्स यांच्या छायाचित्रावरून केलेल्या चित्राचा प्रश्न २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने लागला. पण तिथे प्रत्यक्ष छायाचित्र वापरले गेले होते आणि मासिकाला दिलेल्या परवान्याचे पैसे मध्ये होते. तुमच्या काउंटरवरची कसोटी त्याहून कडक निघाली.

आता मुख्य आभार. निघताना तुम्ही माउंटला, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती बसवायच्या जाड पुठ्ठ्याला, खिडकी कापल्यावर उरणाऱ्या आतल्या तुकड्यांचा गठ्ठा हातात दिलात आणि ‘‘यावर करून पाहा’’ म्हणालात. वेडेवाकडे, कुठलेच माप दुसऱ्याशी न जुळणारे ते तुकडे गेली सहा वर्षे माझ्या कामाचा पाया आहेत. एका बाजूला ओला रंग लागला की ते वाकतात, म्हणून दोन्ही बाजूंना पातळ हात मारायचा, हेही तुम्हीच शिकवलेत. उन्हाळ्यात मी आता पहाटे साडेपाच ते आठ एवढेच काम करते, रोलर बाजूला ठेवला आहे, आणि महालातल्या जुन्या भिंतींवर चुन्याखालून निळीचा थर जसा डोकावतो, तसे काही साधते का ते या तुकड्यांवर खरवडून पाहते आहे. कधी साधते, बहुतेकदा नाही. प्रत्येक तुकड्यामागे मी तारीख आणि ते कशावरून सुचले ते लिहिते: ‘गायतोंडे यांच्यावरून’, ‘चितारओळीतल्या अर्ध्या रंगवलेल्या गणपतीवरून’, एकदा तर ‘सासूबाईंच्या जुन्या इरकलीवरून’.

त्या गठ्ठ्याचे पैसे तुम्ही आजवर घेतलेले नाहीत. म्हणून सोमवारी एक तुकडा तुमच्या मुलाजवळ ठेवून आले आहे. तो बसवून दुकानातच लावावा, ही विनंती. मागच्या बाजूला खाकी कागद डकवण्याआधी तिथे कोणाचे नाव लिहिले आहे ते तेवढे वाचा. तिथे ते छापलेले नाही, पेन्सिलीने लिहिले आहे, म्हणजे तुमची अट मोडलेली नाही.

तुमची कृतज्ञ,
गच्चीवरची चित्रकार