मिरचीच्या कुंडीतला तेरडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या वर्षी बाबांनी अबोलीची रोपे मुळाशी अंगणातली माती ठेवून, गोणपाटात बांधून दिली होती. ती लावून उरलेली माती मी मिरचीच्या कुंडीत टाकली आणि विसरून गेले. यंदा पहिल्या पावसानंतर त्या कुंडीत कातरलेल्या कडांच्या लांबट पानांची चार रोपे उगवली, त्यांतली दोन मी तण समजून उपटलीही. गेल्या आठवड्यात उरलेल्या दोघांना गुलाबी फुले आली आणि फुलामागची ती बारीक, वाकडी शेपटी पाहताच कळले की हा आपल्या विहिरीजवळच्या बांधावरचा तेरडा. पिकलेल्या बोंडाला बोट लावले की ते फटकन फुटते, साल पाच पट्ट्यांत गुंडाळते आणि बी लांब उडते. त्यातलेच काही अंगणात पडून गोणपाटातून चौथ्या मजल्यावर आले असणार.

शेजारच्या काकू असल्या सगळ्याचे श्रेय पक्ष्यांना देतात. ते घाणेरीपुरते खरे आहे, कारण तिची काळी फळे बुलबुल खातात आणि तिचे रोप नेमके ते बसतात त्या कठड्याखालीच उगवले. (ते मी ठेवले नाही.) तुळशीतली कंबरमोडी मात्र वाऱ्याने आली, तिच्या बीला पिसांचा झुपकाच असतो. झेंडू तर माझीच करणी, दसऱ्याचे सुकलेले तोरण मी कुंडीत कुस्करले होते.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण इथे आठवडा झाला तरी रोज नवे फूल उमलते आहे. आई, आपल्याकडे गौरीसाठी तो मुळासकट आणतात, मुळे म्हणजे तिची पावले. इथे मी दरवर्षी बाजारातून जुडी विकत आणते आणि तिची मुळे बहुधा तुटलेली असतात. यंदा घरचीच गौर आणता येईल, पण रोप उपटायला हात धजत नाही, कारण बोंडे अजून हिरवी आहेत. म्हणून एक रोप अनुराधा नक्षत्रावर गौरीला द्यावे आणि दुसरे बियांसाठी राखावे, असे मनात आहे. बाबा, बी आपोआप उडण्याआधी बोंडाला कापडाची पुरचुंडी बांधली तर चालेल का? आणि आई, मुळे धुऊन घ्यायची की मातीसकट, ते पत्रात कळव.

तुमची,
ताई